चौथं जॅकेट

संजीवचा मुलगा विहान हायस्कूलला गेला ते साल दोन हजार चोवीस. शाळा सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते आणि त्या शनिवार-रविवारी वर्गाचा कॅम्प होता. पोरगं नाही तर घर खायला उठेल, म्हणून संजीवने ठरवलं, आईला समुद्र दाखवायचा. कौमुदीबाई तिसऱ्यांदा कालगुर्लीला आल्या होत्या. तीन खेपांत त्यांनी ऑस्ट्रेलिया पाहिला तो एवढाच: लाल माती, सोन्याच्या खाणीचा तो राक्षसी खड्डा आणि सुनेच्या हॉस्पिटलचं पार्किंग.

संजीव खाणीत इंजिनीयर, पद्मा तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. शनिवारी सहाशे किलोमीटर गाडी हाकून तिघं पर्थला हृषिकेशकडे मुक्कामाला आली. हृषिकेश संजीवचा पुण्याच्या कॉलेजातला मित्र. त्याची स्वतःची स्पीडबोट होती, सहा मीटर लांब, पांढरीशुभ्र. रविवारी सकाळी चौघांनी रॉटनेस्ट बेटावर जायचं, दिवसभर राहायचं आणि दुपारी परतायचं, असा बेत होता. बोट चालवायचं लायसन्स संजीवकडेही होतं.

पण सकाळी सहालाच हृषिकेशला ऑफिसातून बोलावणं आलं. बूट चढवता चढवता तो म्हणाला, "तुम्ही जा रे. बोट तुझ्या हातातली आहे, नो वरीज. फक्त तीनच्या आत बेट सोड. दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो, तो मग कुणाचं ऐकत नाही."

धक्क्यावर बोट पाण्यात उतरली. कौमुदीबाई मात्र सिमेंटच्या उतारावरच थांबल्या.

"म्हणजे आपण तिघंच?"

"तिघंच. का गं?" संजीव म्हणाला.

"तिघांनी कधी निघू नये. माझ्या सासूबाई देवळात जायचं झालं तरी तिघी निघायच्या नाहीत."

"आई, हे ऑस्ट्रेलिया आहे," पद्मा हसून म्हणाली.

"मग? इथे तीनाचे पाच होतात का?"

वाद नको म्हणून कौमुदीबाईंनीच तोडगा काढला. कडेच्या खडीतून मुठीएवढा एक गुळगुळीत गोटा उचलला आणि बोटीत मागच्या सीटवर ठेवला. "हा चौथा. झालं!"

"याला सीटबेल्ट लावायचा का?" पद्माने विचारलं.

"सीटबेल्ट नाही, लाइफ जॅकेट," संजीव गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "नियम म्हणजे नियम." बोटीत चार जॅकेटं होती. तिघांनी तीन घातली. चौथं त्याने गोट्याभोवती गुंडाळलं, बकल खट्कन लावलं आणि वर थोपटलं. कौमुदीबाईंनाही हसू आलं.

पद्मा गाडी लावायला गेली तेव्हा संजीवने रेडिओ हातात घेतला. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांना कळवायचं असतं: बोट कुठली, कुठे चालली, किती माणसं, परत कधी. काही बरंवाईट झालं तर याच नोंदीवरून ते शोधायला निघतात.

"चार सांग हं," कौमुदीबाई म्हणाल्या. "तू तीन म्हणालास तर त्या दगडाचा उपयोग काय?"

संजीव थबकला. खाणीत आत जाणारा प्रत्येक माणूस आपल्या नावाचा बिल्ला फळ्यावर लावून जातो आणि वर आला की काढतो. त्या फळ्याशी खेळ केला म्हणून संजीवने एकाला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. हे कौमुदीबाईंना त्यानेच सांगितलेलं.

"आई, हा आकडा खोटा सांगत नाहीत."

"एवढं माझ्यासाठी."

त्याने सुस्कारा सोडला, बटण दाबलं आणि इंग्रजीत बोलला. कौमुदीबाईंचं इंग्रजी दुकानापुरतं, पण "फोर" त्यांना नीट कळलं.

बेटावरचा दिवस चांगला गेला. पाणी काचेसारखं. पद्मा पोहली. कौमुदीबाईंनी झाडाखाली बसून दशम्या सोडल्या तर उंदराच्या तोंडाचं, मांजराएवढं एक जनावर हसल्यासारखं तोंड करून जवळ आलं. "क्वोका आहे तो. खायला घालू नका, दंड होतो," असं पद्माने सांगेपर्यंत ते हुंगून निघूनही गेलं. या सगळ्यात बेट सोडायला साडेतीन झाले.

वारा सुटला होता. सकाळचा समुद्र आता ओळखू येत नव्हता. लाटांवर पांढरे फेस, बोट वर चढायची आणि दणकन आपटायची. कौमुदीबाई दोन्ही हातांनी दांडी धरून मनातल्या मनात नाव घेत होत्या. अर्धं अंतर कापलं असेल, तेवढ्यात इंजिन खरखरलं आणि गप्प झालं.

संजीवने मागे वाकून पाहिलं. "दोर अडकलाय पंख्यात. शेवंडांचे पिंजरे टाकतात ना, त्याचा."

दोराने बोटीचं शेपूट धरून ठेवलं होतं आणि प्रत्येक लाट मागून आत येत होती. घोट्याएवढं पाणी झालं. संजीवने रेडिओवर जागा सांगितली, पाणी आत येतंय म्हणून सांगितलं. तिकडून उत्तर आलं, चाळीस मिनिटांत पोचतो.

"चाळीस मिनिटं बोट टिकणार नाही," तो पद्माला म्हणाला. "दोर कापतो. सुरी दे."

पद्माने काकडी कापायची सुरी दिली. जॅकेट फुगीर असल्यामुळे त्याला खाली वाकता येईना. त्याने ते काढलं.

"संजू, घाल ते!" पद्मा ओरडली.

"दोन मिनिटं गं."

तो पोटावर झोपून मागच्या कडेवरून खाली वाकला आणि त्याच वेळी एक मोठी लाट आली. बोट आधी मागून बुडाली, मग कुशीवर वळली. पद्माचं डोकं लोखंडी दांडीवर आपटल्याचा आवाज कौमुदीबाईंनी ऐकला, आणि मग त्यांच्या नाकातोंडात पाणीच पाणी.

त्या वर आल्या तेव्हा बोट पालथी तरंगत होती. संजीव पद्माला ओढत आणत होता. त्याने तिला बोटीच्या पाठीवर ढकललं, आईलाही खालून रेटा देऊन वर चढवलं. पद्माचे डोळे अर्धे मिटलेले, कपाळातून रक्त. संजीव स्वतः वर यायला हात टाकतोय तोच पुढची लाट आली, आणि त्याचा हात निसटला.

उलटताना दोर तुटला होता आणि पालथ्या बोटीला वारा ढकलत होता. संजीव पाण्यात मागे राहिला. दोघांतलं अंतर बघता बघता वाढलं. त्याच्या हाताशी खाण्याचा आइसबॉक्स आला, तो त्याने छातीशी धरला.

"आई, पद्माला धर! सोडू नकोस!"

कौमुदीबाईंनी धरलं. सत्तरीच्या हातांत कुठून जोर आला कोण जाणे, पण त्यांनी सुनेचा दंड सोडला नाही. मान मात्र मागेच वळलेली होती. बेटावरच्या दीपगृहाच्या रेषेत एक काळा ठिपका लाटेबरोबर दिसायचा, लपायचा. मग दिसेनासा झाला.

पावणेपाचला पिवळी बोट आली. पांढऱ्या दाढीचा केन नावाचा माणूस होता, त्याच्याबरोबर एक तरणी बाई. त्यांनी दोघींना वर घेतलं, चांदीसारखी चादर गुंडाळली, पद्माच्या डोक्याला पट्टी बांधली. पद्मा काहीबाही पुटपुटत होती, शुद्ध अशी नव्हती.

केनने दोन बोटं वर केली. "टू मोर? टू मिसिंग?"

कौमुदीबाईंनी दीपगृहाकडे हात केला. "माय सन. देअर."

"अँड द अदर?"

त्या गप्प राहिल्या.

त्यांना कळलं नव्हतं असं नाही. तोंडातून "वन" शब्द निघतच होता. पण त्याच वेळी केन रेडिओवर दुसरी बोट मागवत होता, "टू पीपल" असं दोनदा म्हणाला. कौमुदीबाईंच्या डोक्यात हिशोब झाला: दोघं हरवलेत म्हणून दोन बोटी येतायत. एकच आहे म्हटलं तर एकच येईल. जास्त माणसं, जास्त डोळे. मिळू दे संजीव, मग खरं काय ते सांगू. पाया पडू त्यांच्या.

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

दुसरी बोट आली. केनची बोट दीपगृहाच्या रेषेत सावकाश येरझाऱ्या घालू लागली, दुसरी उत्तरेकडे लांब गेली. कौमुदीबाईंचे डोळे पाण्यावर. प्रत्येक लाटेची सावली त्यांना संजीवचं डोकं वाटायची. बोटीतल्या घड्याळाचा काटा पाचवर आला, पुढे सरकला. त्याच्या अंगावर जॅकेट नाही, एवढंच त्यांच्या मनात घुमत होतं. त्याच्या अंगावर जॅकेट नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी रेडिओ बोलला. केनने कान देऊन ऐकलं आणि चाक गर्रकन फिरवलं. बोट उत्तरेला वळली.

"नो!" कौमुदीबाई उभ्याच राहिल्या. "नो, देअर!"

तरण्या बाईने त्यांना बसवलं आणि खुणांनी, सोप्या शब्दांत समजावलं. उत्तरेला दोन किलोमीटरवर जॅकेट मिळालंय. बकल लावलेलं आहे, आत माणूस नाही. कुणीतरी त्यातून खाली निसटलंय. वारा तिकडेच वाहतोय, तुमचा मुलगाही तिकडेच गेला असणार.

रिकामं, हलकं जॅकेट वाऱ्याने पळालं होतं. आणि दोन बोटी, चार माणसं, सगळे डोळे आता एका दगडाला शोधायला निघाले होते.

"नो मॅन!" त्या ओरडल्या. "थ्री! वी थ्री! जॅकेट... स्टोन. स्टोन इन जॅकेट!" त्यांनी मूठ वळून दाखवली, मुठीला जॅकेट घातल्याची खूण केली, बकल लावल्याची खूण केली.

बाईने केनकडे पाहिलं. केनने मान हलवली. नोंदीत माणसं चार, जॅकेट चौथं, बकल लावलेलं. आणि ही म्हातारी थंडीने कुडकुडत दगड दगड म्हणतेय. धक्का बसला की माणसं असं बोलतात. बाईने त्यांच्या खांद्यावर चादर सारखी केली. "इट्स ओके, डार्लिंग."

"नॉट ओके!" कौमुदीबाईंनी तिचा हात झिडकारला. पद्माला हलवलं. "पद्मा! अगं, सांग यांना, आपण तिघं होतो! पद्मा!" पद्माने डोळे उघडले, "संजू कुठाय?" म्हणाली आणि पुन्हा मिटले.

मग त्यांना सुचलं. "हृषिकेश! बोट... हिज बोट. फोन! मराठी!"

हे मात्र केनला पटलं. बोटीच्या मालकाला किनाऱ्यावरून केव्हाच फोन गेला होता. पाच मिनिटं गेली, आणि केनने आपला मोबाइल कौमुदीबाईंच्या कानाला लावला.

"काकू! काकू, मी हृषिकेश. तुम्ही बऱ्या आहात ना? चौथं कोण होतं बरोबर?"

"कोणी नव्हतं रे! चौथा दगड आहे!"

दुसऱ्या कुणाला हे वाक्य वेड्यासारखं वाटलं असतं.

"तिघंच निघालात म्हणून?"

"हो रे बाबा! गंमत म्हणून त्याने जॅकेट घातलं दगडाला. आणि रेडिओवर चार मीच सांगायला लावलं. संजू जॅकेटशिवाय आहे. दीपगृहाच्या बाजूला राहिलाय, आइसबॉक्स धरून. हे सगळे तिकडे निघालेत! सांग त्यांना!"

"फोन त्यांना द्या. पटकन द्या."

केनने ऐकलं. एकदा "अ रॉक?" म्हणाला, एकदा "यू शुअर, मेट?" म्हणाला. मग त्याने कौमुदीबाईंकडे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि चाक पूर्ण फिरवलं. दुसरी बोटही मागोमाग वळली.

पाच पंचवीसला आइसबॉक्स दिसला. झाकण उघडं, जवळ कोणी नाही. तिथून शंभर हातांवर संजीव होता. तोंड पाण्यात होतं.

केनने आणि त्या बाईने त्याला वर ओढला. दोघांनी आळीपाळीने छाती दाबली. कौमुदीबाई त्याचे तळपाय चोळत बसल्या. पोटरीत अजून ऊब होती. "दाबा," त्या मराठीतच म्हणत होत्या, "दाबा, थांबू नका." धक्का येईपर्यंत ते थांबले नाहीत. धक्क्यावर अँब्युलन्सवाले थांबले होते. त्यांनीही बराच वेळ प्रयत्न केले, आणि मग त्यांच्यातल्या एकाने घड्याळ पाहिलं.

मंगळवारी पोलीस जबाब घ्यायला हृषिकेशच्या घरी आले. दुभाषी ठरवलेली होती, फोनवर. हृषिकेश शेजारी बसला होता. समोरच्या खुर्चीत पद्मा, कपाळाला सहा टाके. कौमुदीबाईंनी गोट्यापासून सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि हेही लिहा. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हाच मला ठाऊक होतं. मी वीस मिनिटं गप्प बसले. जास्त बोटी येतील म्हणून."

हृषिकेश हळूच म्हणाला, "काकू, हे त्यांनी विचारलेलं नाही."

"मला विचारलंय," त्या म्हणाल्या. "मी आई आहे त्याची."

पद्माने मान वर केली. "वीस मिनिटं?"

"हो."

पद्मा उठली, दारापर्यंत गेली. फोनवरच्या बाईने विचारलं, पुढे भाषांतर करू का. दाराशी पाठमोरी उभी असलेली पद्माच म्हणाली, "करा. त्या सांगतायत तसंच."

तो जबाब तसाच लिहिला गेला. कौमुदीबाईंनी खाली सही केली.

संजीव वारला तो अकरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, पर्थच्या धक्क्यावर. तो त्रेचाळीस वर्षांचा होता.