दाराआडचा आवाज

माझी धाकटी बहीण कानाए हेगला युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयात न्यायाधीश होती. जपानमध्ये, मोरिओकात माझं सोबा शेवयांचं दुकान आहे. आठ वर्षांत ती दोनदाच घरी आली, म्हणून एका मोठ्या खटल्याच्या निकालाच्या वेळी दुकान बंद ठेवून मीच तिच्याकडे गेले.

तिच्या घरात मी बसायला जागा शोधली. टेबलाला एकच खुर्ची.

"अगं, तुझ्याकडे कुणी येत नाही का?"

"कुणाला बोलावू, ताई? वकिलांशी सलगी नको, साक्षीदारांशी बोलायचं नाही, खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही."

"मग थंडीवाऱ्याचं बोलायचं! आपल्या दुकानात दुसरं काय बोलतात?"

ती हसली, पण ओठांपुरतंच.

निकालाच्या दिवशी मी काचेपलीकडे प्रेक्षकांत बसले. शेजारची जपानी वार्ताहर मला सगळं कुजबुजत सांगत होती. गिरणीत अकरा माणसं कोंडून जाळल्याचा आरोप एका लष्करी अधिकाऱ्यावर होता. साक्षीदार एकच, दोन मुलगे गमावलेली म्हातारी. हुकूम देणारा आवाज तिनं बंद दाराआडून ऐकला होता, आणि तो याच अधिकाऱ्याचा, असं तिचं म्हणणं होतं. तीही आमच्याच रांगेत बसली होती.

तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी त्याला दोषी धरलं. वीस वर्षांची शिक्षा झाली. मग कानाएनं आपलं वेगळं मत वाचलं.

"या बाईंनी भोगलं ते खरं आहे. पण दाराआडून ऐकलेल्या एका आवाजावर मी या माणसाला दोषी म्हणू शकत नाही."

म्हातारी उठली आणि काचेवर थापा मारू लागली. कानाए वाचत राहिली.

बाहेर पडताना म्हातारीनं मला गाठलं. आम्हा बहिणींचे चेहरे सारखेच. ती तिच्या भाषेत खूप काही बोलली. मी खाली मान घालून उभी राहिले.

घरी आल्यावर म्हातारीनं गाठल्याचं मी कानाएला सांगितलं, आणि मग मला राहवलं नाही. "शिक्षा तर होणारच होती. तुझ्या एकटीच्या मतानं काय फरक पडला? गप्प बसली असतीस तर?"

"मग मी तिथे बसायचं कशाला, ताई?" थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या काय म्हणाल्या तुला?"

"मला काय कळणार!"

"मला त्यांच्या मुलांची नावंही पाठ आहेत," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

दोन वर्षांनी अपिलात तो अधिकारी सुटला. कारण तेच, कानाएनं दिलेलं. तोवर तिची मुदत संपली होती, ती मोरिओकाला परतली होती. दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं बातमी वाचून तिला हाक मारली, "वा जजबाई! शेवटी तुमचंच खरं ठरलं की!"

कानाएनं हातातल्या जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"मग तो आवाज कुणाचा होता, हे कुणी शोधलं का हो?"

गिऱ्हाइकानं पेपराची घडी घातली. दुपारची वेळ, दुकान भरलेलं, दोघं-तिघं मला हाका मारत होते. मी एप्रन सोडला आणि तिच्यासमोर जाऊन बसले.