ढोल्या कुणाचा

माझा धाकटा भाऊ आरशांना बोलायला शिकवतो. नवा आरसा फार फटकळ असतो. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला जे दिसतंय ते सांगून मोकळा होतो, आणि असला आरसा कोण विकत घेणार? मग भाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतो आणि ‘तुमचं वय अजिबात दिसत नाही हो’ हे वाक्य त्याच्याकडून घोटून घेतो. आठवडाभरात आरसा गोड बोलू लागतो. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मी सख्खी बहीण असूनही कबूल करते. पण जन्मभर हेच केल्यामुळे, शिकवल्याशिवाय कोणी तोंड उघडूच नये अशी त्याची पक्की समजूत झाली आहे.

त्याची मुलगी चिमटी. अजून चौथं लागायचंय, पण घरात हुकूम तिचाच चालतो. वहिनी ढगखात्यात आहे, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी ती कामावरून भिजूनच येते. तिचा जुना रेनकोट फाटला तेव्हा मी त्याचा हत्ती शिवला. एक कान मोठा झाला, सोंड आखूड पडली; मी काही शिंपीण नाही. चिमटीने त्याचं नाव ढोल्या ठेवलं आणि त्याला इतकं ओढलं, चावलं, पांघरुणात घेतलं, की एके दिवशी तो जागा झाला. आमच्याकडे खेळणी अशीच जागी होतात. नवं खेळणं मुकं असतं. जो त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ घालवेल त्याचं ते होतं, आणि मग त्याच्याच बोलीत बोलतं. ढोल्या चिमटीच्या बोलीत बोलायचा. झोपायची वेळ झाली की घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "दार लावा, वारा चावतोय." मी उठून दार लावायची, मग दोघं डोळे मिटायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात टेकडीवरच्या शाळेचे प्रवेश सुरू झाले.

ही शाळा मुलांची मुलाखत घेत नाही. मुलं रडतात आणि आईबाप थापा मारतात, असा शाळेचा अनुभव आहे. खेळण्याला मात्र खोटं बोलता येत नाही. म्हणून मुलाने आपलं लाडकं खेळणं आणायचं आणि मोठ्या बाई त्यालाच प्रश्न विचारणार. शेजारच्या मुलीच्या बाहुलीने म्हणे उडायचे सगळे मंत्र धडाधडा म्हणून दाखवले होते. हे ऐकल्यापासून भावाची झोप उडाली. त्याने ढोल्याला टेबलावर बसवून विचारलं, ढग कशाचे होतात? ढोल्या म्हणाला, आईच्या केसांचे. भाऊ डोक्याला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो ढोल्याला पिशवीत घालून दुकानात नेऊ लागला. मी म्हटलं, अरे, ते पोरीचं खेळणं आहे, आरसा नाही. तर म्हणे, "ताई, तू यात पडू नकोस. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

चिमटीने रडू नये म्हणून तिला नवी खेळणी आणून दिली, सगळी बुद्धीला चालना देणारी. ठोकळे असे, की पोरीचा हात लागायच्या आत स्वतःच मनोरा रचून उभे राहायचे, म्हणजे चूक व्हायला नको. भोवरा फिरता फिरता आपण का फिरतो ते समजावून सांगायचा, आणि सांगून झालं की दमून आडवा व्हायचा. चिमटी ती खेळणी खेळताना बघत बसायची. संध्याकाळी ढोल्या घरी आला, की त्याला अंथरुणात घेऊन काहीतरी सांगायची. तो मन लावून ऐकायचा आणि तिचं व्याकरण सुधारायचा. मला त्या हत्तीच्या कानाखाली द्यावीशी वाटायची. खरं तर भावाच्या.

मुलाखतीला मीही गेले, कारण वहिनीला त्या दिवशी गारांचं काम निघालं होतं. मोठ्या बाईंची खोली लहान होती आणि खुर्च्या त्याहून लहान. भाऊ गुडघे छातीशी घेऊन बसला. ढोल्या तर सुटलाच. ढगांचे प्रकार सांगितले, मंत्र म्हटले, उलटे म्हटले, बाईंचं वय अजिबात दिसत नाही हेही सांगितलं. भावाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. चिमटी दोन्ही हात मांडीखाली घेऊन ढोल्याकडे टक लावून बघत होती. आता तो आपल्यातलं काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होती, हे मला कळत होतं.

शेवटी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "तू कुणाचा?"

"आरसेवाल्या साहेबांचा," ढोल्या ठणठणीत आवाजात म्हणाला.

भावाचे ओठ हलायचे थांबले. चिमटी रडली नाही. खुर्चीवरून उतरून ती ढोल्याजवळ गेली, त्याचा मोठा कान सारखा केला आणि हळूच म्हणाली, "वारा चावतोय ना?"

"वारा चावत नाही," ढोल्या म्हणाला. "वारा वाहतो."

मोठ्या बाईंनी शांतपणे नियम सांगितला. ज्याचं खेळणं, त्याचा प्रवेश. तेव्हा अभिनंदन, साहेबांना शिशुवर्गात प्रवेश मिळाला आहे. नाकारला तर या घराला शाळेचं दार कायमचं बंद. आणि वर्ष नीट पार पाडलं, तर पुढच्या खेपेला घरातल्या दुसऱ्या मुलाचा आधी विचार होईल.

भावाने गल्लीत सांगितलं की आमच्या घरात प्रवेश मिळाला, आणि ते काही खोटं नव्हतं. सोमवारपासून तो डबा घेऊन जाऊ लागला. पहिल्याच महिन्यात त्याच्याविषयी तक्रार आली. इतर मुलांना उत्तरं सांगतो. वाळूत बसत नाही. रंग रेषेबाहेर जाऊ देत नाही आणि दुसऱ्याचा गेला तर उसासे टाकतो. मग त्याला एकट्याला वेगळा गृहपाठ मिळाला. आपल्या खेळण्याशी खेळायचं, काही शिकवायचं नाही, आणि न शिकवलेलं एक वाक्य त्याच्या तोंडून यायला हवं. नाहीतर पुन्हा याच वर्गात बसावं लागेल.

भाऊ ढोल्याला घेऊन जमिनीवर बसला. म्हणाला, "चल, आता आपण खेळू या. खेळाचे फायदे सांग." ढोल्याने सगळे सांगितले.

बरेच दिवस असेच गेले. चिमटी ढोल्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. माझ्या कपाटाचा खालचा खण उघडून त्यातच बसून असायची. सुट्टीच्या एका दुपारी भाऊ तिच्यापाशी आला. चेहरा पार उतरला होता. गल्लीभर मिरवणारा हा माणूस त्या खणापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "चिमटे, मला येत नाहीये गं. शिकवतेस?"

तिने त्याच्याकडे बघितलं. मग खणातून बाहेर आली, ढोल्याला त्याच्या हातातून घेतलं, जमिनीवर निजवलं आणि त्याच्यावर माझी शाल घातली. भावाने विचारलं, आता काय करायचं?

"काही नाही. तो झोपलाय. बाबा, तू गप्प बस."

भाऊ गप्प बसला. त्याला किती जड गेलं ते मी पाहत होते. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. चिमटी ढोल्याच्या पोटावर हात ठेवून त्याच्या कानात काही पुटपुटत होती, ते ऐकू येत नव्हतं आणि आमच्यासाठी नव्हतंही. असा फार वेळ गेला. माझे पाय आखडले, पण उठायची हिंमत झाली नाही.

मग शालीखालून घोगरा आवाज आला. "दार लावा. वारा चावतोय."

चिमटीने चटकन बापाकडे बघितलं. वारा चावत नाही, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि उठून दारापाशी गेला.

दार आधीच लावलेलं होतं. त्याने ते उघडलं आणि पुन्हा लावलं.