भरवशावर ठेवलेली कुत्री

"बाबा, मेलेलं कुत्रं रिठदले कसं काय पोचलं?"

अंजनानं विचारलं आणि गुलाबरावांचा घास हातातच राहिला. चुलीपाशी भाकर थापणाऱ्या हौसाबाईचे हात थांबले. अंगणातली तीन कुत्री तेवढी निवांत पडली होती. बोलणं आपल्या जातीबद्दल चाललंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

प्रश्न खरा अंजनाचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींनी तिच्या पदरात टाकला होता. मंगरूळच्या हायस्कुलात नववीच्या वर्गात मुली तीनच, अंजना, बेबी आणि पंचफुला. तिघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. यंदाच्या संमेलनात अंजनानं श्रमदानावर असं भाषण ठोकलं की पोरं आधी टाळ्या वाजवायलाच विसरली, आणि मग वाजवत सुटली ती थांबेनात. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. मास्तरांना उलट शंका विचारायची, बाजारात मापात मारणाऱ्याला हटकायचं, एसटीच्या कंडक्टरशी हुज्जत घालायची. आणि आज शाळा सुटल्यावर बेबीनं वाटेतच तिला धरलं.

"अंजे, तुमची चांदी मेली म्हनत होतीस ना वं?"

"तडसानं नेली. मी वाशिमले खेळाले गेल्ती तवा. काहून?"

"मंग रिठदले तुह्या मामाच्या मळ्यात साखळीले कोन बांधली हाये? मी मोठ्या बहिनीच्या सासरी गेल्ती ना परवा. मले पाहून शेपटी हलवू हलवू अर्धी झाली बिचारी. डावा कान फाटका, पाठीवर लांब केस. तडसानं रिठदपर्यंत पोचवून देली वाट्टे."

पंचफुला खो खो हसली. अंजना हसली नाही.

"दुसरी असन एखादी."

"असन बाप्पा. मंग बापाले इचार ना. संमेलनात टेबल बडवतेस, घरात जीभ उचलून दाखव एकदा."

"इचारीन. भेते काय मी?"

म्हणून तिनं विचारलं. विचारताना मनातून तिची खात्री होती की बाबा हसतील, म्हणतील, त्या बेबीच्या डोळ्यांत माती गेली काय. आणि उद्या शाळेत बेबीची अशी जिरवू की बस. पण बाबा हसले नाहीत.

गुलाबरावांचा मळा गावाबाहेर नाल्याच्या काठाला. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्याच्या तोंडी टरबुजं. मानोऱ्याच्या वाटेवरच्या बंजारा तांड्यातली माणसं दिवाळी झाली की सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला लांब निघून जात. ठेकेदार बायकापोरं चालवून घेई, कुत्री नाही. मागं राहिलेली कुत्री ओस तांड्यात उपाशी मरत, नाहीतर गाडीमागं धावत सुटत आणि वाटेतच कुठंतरी संपत. मग एका साली तांड्यातल्या रतनसिंगनं आपली कुत्री गुलाबरावांच्या मळ्यात आणून बांधली आणि तशी चालच पडून गेली. भाकर मळ्याची, राखण कुत्र्यांची, आणि होळीला परत आलं की ज्याचं त्यानं घेऊन जावं. त्या दिवसांत रानडुक्कर म्हणा, कोल्हं म्हणा, मळ्याकडं फिरकायची हिंमत करत नसे.

पण कुत्र्यांचं सगळं करायची ती अंजनाच. घरची दोन होती, भोपळ्या आणि मिरची. नावं तिनंच ठेवलेली. तरी जीव जास्त पाहुण्यांवर. आल्याआल्या ती कशाला तोंड लावत नसत, तांड्याच्या वाटेकडं तोंड करून बसून राहत. मग अंजना त्यांच्याजवळ मातीतच बसकण मारायची. भाकरीचा एक तुकडा आपल्या तोंडात, दुसरा त्यांच्यापुढं. भोपळ्या गुरगुरला की त्याच्या आणि पाहुण्याच्या मधे जाऊन बसायची आणि म्हणायची, "भोपळ्या, लाज वाटू दे, लोक आलेत घरी." पाहता पाहता सगळी एका अंगणात, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायला लागत. रतनसिंगची बायको हिरीबाई हे पाहून दर साली म्हणायची, "गुलाबभाऊ, तुमच्या नाही, या पोरीच्या भरवशावर ठेवते मी कुत्री." तिचं पाहून तांड्यातली आणखी घरंही ठेवू लागली.

यंदा होळीनंतर हिरीबाई आली ती आपल्या चांदीसाठी गूळ घालून केलेली रोटी पदरात बांधून. गुलाबरावांनी खाली मान घालून सांगितलं, तडसानं नेली, उरलंसुरलं त्या निंबाखाली पुरलं. हिरीबाई निंबाखाली जाऊन बसली, हातानं तिथला पाचोळा बाजूला केला, रोटी ठेवली, लोट्यानं पाणी ओतलं. भोपळ्यानं मागून येऊन रोटी पळवली तर त्यालाही तिनं हाकललं नाही. अंजना हुंदके देऊन रडत होती. तिच्याच डोक्यावरून हात फिरवत हिरीबाई म्हणाली, "रडू नको बाई. माह्यापेक्षा तुह्या हातची भाकर जास्त खाल्ली तिनं. हा लाल्या तिच्याच पोटचा. न्यायलेच आल्ते मी याले, पन राहू दे तुह्यापाशी. तेवढीच तुले चांदीची सोबत." आणि रिकामी दोरी हातात गुंडाळत ती आल्या वाटेनं परत गेली.

तोच लाल्या आत्ता अंगणात मिरचीच्या पाठीवर मान टाकून पडला होता.

"कुत्री सारी एकसारखीच दिसतात," अखेर गुलाबराव म्हणाले.

"डावा कान फाटलेली?"

"कान काय एकाच कुत्र्याचा फाटते?"

"बरं. मंग कुदळ आणते मी. निंबाखाली काय हाये ते पाहू."

"खाली बस!"

अंजना बसली नाही. हौसाबाईनं हातातली भाकर तव्यावर टाकली आणि त्या दोघांकडं न पाहता म्हणाली, "सांगून टाका आता. लपवून काय होते?"

"तुह्या हिरालालमामाच्या मळ्यात डुकरायनं सारी रताळी उकरून टाकली," गुलाबराव म्हणाले. "तुह्या मामानं एक चांगलं जनावर मागतलं. घरचाच मानूस. त्याले नाही कसं म्हनू?"

"पन जनावर आपलं होतं का बाबा?"

"चार महिने भाकर कोनाची खाल्ली तिनं?"

"अन् राखन कोनाची केली?"

गुलाबरावांनी ताट बाजूला सारलं. मग आवाज उतरवून, जवळजवळ लाडानं म्हणाले, "अंजने, तूच म्हनत होतीस ना, बाबा, यंदा चांदीले देऊ नका म्हून? वाशिमले जायच्या आधी तिच्या गळ्यात हात टाकून बसली होतीस. एकदा तांडा विसरला का आनतो तिले परत. दोघंबी राहतीन मंग, माय अन् लेकरू. तुह्यासाठीच ना सारं."

 म्हणाली होती अंजना, अगदी त्याच शब्दांत. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला चांदी अंगणात आलेली दिसलीसुद्धा. फाटका कान उडवत, लाल्याला हुंगत, भोपळ्यावर डाफरत. जिवंत होती चांदी! केवढं सोपं होतं, काही न बोलता जेवायला बसायचं. उद्या बेबीला सांगायचं, दुसरीच होती वं ती. पण चांदी त्या निंबापाशी गेली की तिथं पाचोळा बाजूला सारणारे हिरीबाईचे हातही दिसत होते, आणि ते काही केल्या हलत नव्हते.

मग तिला आणखी एक आठवलं.

"अन् दगड्या?"

हौसाबाईनं तव्यावरची भाकर उलटली.

"मागल्या सालचा दगड्या, बाबा. तांड्यातल्या म्हाताऱ्या देवलाबाबाचा कुत्रा. त्याले साप चावला म्हनत होते ना तुमी?"

"जिनिंगवाल्या शेठले राखनीले देला होता," हौसाबाई तव्याला म्हणावं तसं म्हणाली. "तिथं टरकाखाली आला."

"म्हातारा न्याले आल्ता तवा त्याले मी सांगतलं," अंजना म्हणाली. तिचा आवाज संमेलनातल्यासारखा नव्हता; अगदी बारीक निघत होता. "तुमी मले पुढं केलं. म्हने, तू सांग, तुह्यावर त्याचा विश्वास हाये. मी रडत रडत सांगतलं, म्हून त्याले पटलं. मले म्हने, नको रडू बेटी, तू तं लेकरावानी केलं त्याचं. बाबा, मी रडते म्हून तुमचं खोटं खपते."

"तांड्याचे लोक ते. त्यायले कुत्र्याची काय कमी? सडकेवरून आनखी दहा धरून आनतीन."

"ते आले का तुमी कोंबड्या मोजता. त्यायनं आजपर्यंत आपलं एक पीस तरी नेलं का?"

"लई बोलाले लागली!" गुलाबराव ताडकन उठले. त्यांचा आवाज ऐकून कुत्री उठून उभी राहिली. "हे शाळेनं शिकवलं. बंद करतो शाळा उद्यापासून, मंग पाहू कोनापुढं भाषन ठोकते."

"अहो, असं कायले..." हौसाबाई मधे पडली, आणि मग लेकीकडं वळली. "तूबी गप राह्य ना अंजने. मामाचं नाव सारीकडं होईन. उद्या तुहं लगन करायचं आमाले. एका कुत्र्यापायी घराची इज्जत काहून घालवतेस?"

आईच्या कपाळाला पिठाचं बोट लागलं होतं. रोज अंजनानं ते हसत पुसलं असतं. आज ती उंबऱ्यापाशी गेली आणि बाहेर पाहत उभी राहिली. लाल्या जवळ आला, तिच्या पायांवर अंग टाकून बसला. त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा राहिला. तिला आपल्याच हाताचा राग येत होता. हाच हात पाहून लोक आपलं जनावर ठेवून निर्धास्त जात होते. घरात जीभ उचलून दाखवायची बेबीची पैज ती जिंकली होती, आणि बेबीला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

ती वळली. बाप उभा, माय बसलेली, तव्यावरची भाकर करपत होती.

"उद्या सकाळी लाल्याले घेऊन मी तांड्यावर जाते," ती म्हणाली. "हिरीमावशीले सांगते, चांदी जिती हाये, रिठदले माह्या मामाच्या मळ्यात हाये, जाऊन घेऊन या. देवलाबाबालेबी दगड्याचं खरं सांगते. अन् येत्या दिवाळीले कोनी कुत्रं घेऊन आलं का फाटकात मीच उभी राहीन. म्हनीन, इथं ठेवू नका, माह्या भरवशावर तं नकोच नको. शाळा बंद करायची तं करा बाबा, मी जाते."