तेलाचा तवंग

तिने पहिली चकती कोमट पाण्यात सोडली आणि पाण्यावर तवंग आला.

म्हातारीचा हात तिथेच थांबला. पोकरच्या जुगारात पैशांऐवजी लावायच्या या सिरॅमिकच्या चकत्या ती वर्षातून एकदा धुवायची. साबणाचा थेंब, मऊ ब्रश, कडांवरून हलका हात, आणि लगेच फडक्याने कोरड्या. एरवी पेटीला कुलूप. मग यांना हात लावला कुणी?

खुर्चीत म्हातारा वर्तमानपत्र धरून बसला होता. बराच वेळ त्याने पान उलटलं नव्हतं.

याच चकत्यांपायी एके काळी त्याचं दुकान गेलं होतं. तेव्हा त्याने खेळ सोडला, पण पेटी काही टाकवेना. शेवटी तिने अट घातली. किल्ली तिच्या चष्म्याच्या घरात राहील, आणि पुन्हा डाव मांडला तर ती कायमची लेकीकडे निघून जाईल. नुसतं बोलून दाखवणाऱ्यांतली ती नव्हती.

गेले काही दिवस ती त्याच्यावर डोळा ठेवून होती. संध्याकाळचं त्याचं फिरणं लांबलं होतं. चष्म्याचं घर ठेवल्या जागी सापडत नव्हतं. विचारलं तर म्हणे, तूच विसरतेस. आज सकाळी तिने बॅग भरून दाराशी ठेवली होती. फक्त चकत्या बघायच्या राहिल्या होत्या.

"तुम्ही खेळलात?"

"खेळलो," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

ती चपापली. दुकान गेलं तेव्हासुद्धा कबूल करायला या माणसाने महिना घेतला होता.

"आणि तेल कशाला लावलंत?"

तो क्षणभर अडखळला. "चमक यावी म्हणून."

नवी नवरी असताना तिने हौसेने या चकत्यांना तेल चोळलं होतं, तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. तेल मातीच्या चकत्यांना लावतात, यांना नाही, यांची पकड जाते, हे त्याने पाहुण्यांपुढेही ऐकवलं होतं.

तिने चकती नाकाशी नेली. पातळ, उग्र वास. शिलाई मशीनचं तेल. मशीन दुरुस्तीच्या आपल्या दुकानातून मुलगा घरी आला की त्याच्या शर्टाच्या बाह्यांना हाच वास यायचा. आणि म्हातारा हल्ली फिरायला जायचा तो त्याच दुकानाच्या रस्त्याने.

पेपर आता त्याच्या तोंडासमोर होता.

दुपारी मुलगा जेवायला आला. टेबलावर फडक्यावर मांडलेल्या चकत्या पाहून जरा थबकला, मग हसला.

"आई, दे, मी पुसतो."

तिने फडकं त्याच्याकडे सरकवलं. तो पुसत गेला. बोलता बोलता, खाली न बघता, त्याने एका हाताने चकत्यांच्या दोन चवडी उचलल्या आणि मुरलेल्या खेळाडूसारख्या कट्-कट् करत एकीत एक मिसळून टाकल्या.

म्हातारा खोकला. लेकाचा हात थांबला.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. लेकाने चवड हळूच खाली ठेवली. त्याची नजर दाराकडे गेली.

"ही बॅग कुणाची?"

म्हातारीने चष्म्याच्या घरातून किल्ली काढली आणि टेबलावर लेकासमोर ठेवली.

"कुणाची ते अजून ठरायचंय," ती म्हणाली. "तू बस आधी."