पट्ट्याचा पास

दोन काळांतल्या संघांची तुलना करणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, आणि बिस्किटांच्या त्या कारखान्यात रिकामटेकड्यांची कधीच टंचाई नव्हती. मैदानात पाय आपटणाऱ्यांना दम लागतो. कँटीनमध्ये बसून जीभ चालवणाऱ्यांना तो कधीच लागत नाही.

त्या वर्षी कारखान्याच्या बायकांच्या बास्केटबॉल संघानं सगळ्या कारखान्यांमधला चषक जिंकला, आणि दुसऱ्याच दिवसापासून कँटीनमध्ये कीस पडू लागला. हा संघ भारी, की पूर्वी लागोपाठ तीन वर्षं चषक आणणारा तो जुना संघ भारी? नुसत्या गप्पा असत्या तर चहाच्या वाफेबरोबर विरल्या असत्या. पण क्रीडा समितीनं जाहीर करून टाकलं होतं, की मैदानाला लागून असलेल्या गोदामाच्या भिंतीवर आजवरच्या सर्वोत्तम संघाचं चित्र काढायचं. भिंत एक, संघ दोन.

त्यात या दोन संघांच्या दोन कप्तान एकाच घरात, एकाच ओट्यापाशी उभ्या राहायच्या. नव्या संघाची कप्तान पॅकिंग विभागातली. मैदानात ती अशी गरगर फिरायची की सगळे तिला भिंगरीच म्हणत. जुन्या संघाची कप्तान म्हणजे तिची सासू. साठी उलटलेली, नोकरीतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, जिभेची धार मात्र होती तशीच.

"तुमची फायनल पाहिली," सासू भाजी चिरता चिरता म्हणाली. "बरी खेळलात."

"बरी? आई, वीस गुणांनी जिंकलो आम्ही!"

"समोरच्या पोरी झोपल्या होत्या गं. आमच्या वेळी समोरच्या बरगडीत कोपर घालायच्या आणि वर विचारायच्या, लागलं का?"

"पण सामन्यात तुमचे गुण व्हायचे चाळीस. आमचे सत्तर झाले."

"तीन गुणांची रेघ आखली तेव्हा मी या तुझ्या नवऱ्याच्या वेळी बाळंतपणाला बसले होते. आमची लांबडी पार तिकडून, अर्ध्या मैदानातून बॉल टाकायची, तरी पदरात दोनच पडायचे. ते तीन-तीन धर आणि मग सांग मला तुझे सत्तर."

"माझं ऐका," नवरा मध्ये तोंड घालत म्हणाला, "दोन्ही संघ आपापल्या जागी—"

"तू गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या घरात सासू-सुनेचं एकमत व्हायचं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

भिंगरी तोंडानं भांडत होती, पण सासूचं खरं दुखणं तिला ठाऊक होतं. समितीच्या खोलीत जुन्या संघाचे तीन फोटो होते. तिन्हीत पुढे खुर्च्यांवर कारखान्याचे साहेब बसलेले आणि मधल्या साहेबाच्या मांडीवर चषक, जणू घाम गाळून त्यानंच आणला. बॉलमध्ये हवा भरतात की पाणी, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. खेळलेल्या पोरी मागे उभ्या. साहेबांच्या बुटांची चमक फोटोत यावी म्हणून कॅमेरा खाली धरला गेला, आणि वर पोरींची डोकी उडाली. तीन फोटो, तिन्हीत तीच गत. सासू मानेपर्यंत होती, पुढे नव्हतीच.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस," ती एकदा म्हणाली होती, "आणि त्यात मला तोंडच नाही."

तिला भिंत हवी होती ती एवढ्यासाठी. बाकी मोठेपणाशी तिला देणंघेणं नव्हतं.

समितीची बैठक झाली. चिटणीसांनी चष्मा पुसला, आकडे वाचले आणि आकड्यांवरून नवा संघ सरस ठरतो असं सांगून फाइल मिटली. चिटणीस हा माणूस लग्नपत्रिकासुद्धा अहवालासारखी वाचायचा. मागच्या बाकावरून सासू उठली.

"आकडे कसले वाचता? मैदान काय गहाण पडलंय? खेळून ठरवू."

सगळी खोली हसली. चिटणीस म्हणाले, "मावशी, या वयात?"

"तुमच्या पोटापेक्षा माझे गुडघे बरे आहेत. ते अजून वाकतात तरी."

मग खोली दुसऱ्यांदा हसली आणि चिटणीसांना हो म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ठरलं. अर्धं मैदान, जुना नियम, तीनची रेघ धरायची नाही, आधी अकरा बास्केट करील त्या संघाची भिंत.

त्या संध्याकाळी भिंगरी भांडी घासता घासता मनात हिशोब मांडत होती. हरायला कितीसा वेळ लागतो? दोन पास इकडचे तिकडे सोडायचे, संपलं. म्हातारीला तिचं तोंड मिळेल. सासू पाठीमागे येऊन उभी राहिली.

"काय शिजतंय डोक्यात ते कळतंय मला. ऐक सूनबाई. मुद्दाम हरलीस तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. तोंड हवंय मला, पण भिकेत नको."

रविवारी दुपारी अख्खा कारखाना मैदानाभोवती लोटला. जुन्या संघाच्या पाच जणी उतरल्या तेव्हा शिट्ट्या झाल्या, त्यांतल्या निम्म्या टिंगलीच्या. लांबडी आता नातवंडांची आजी झाली होती, पण उंची कुठे जाते? ती शांतपणे चष्म्याला दोरी बांधत होती. 

पहिली सहा बास्केट नव्या पोरींनी अशी केली, जणू रिकाम्या घरात शिरल्या. जुन्यांना धाप लागली. टिंगलीच्या शिट्ट्या वाढल्या. मग सासूनं आपल्या बायकांना जवळ बोलावलं, दोन शब्द सांगितले, आणि त्यांनी पळणंच सोडून दिलं. जिथे उभ्या, तिथे उभ्या. पळायचं काम बॉलनं करायचं. या हातातून त्या हातात, त्या हातातून लांबडीकडे, आणि लांबडीनं मान वर करून दुरूनच सोडायचा. एक पडला, दुसरा पडला. तिसरा पडला तेव्हा शिट्ट्यांचा सूर बदलला.

"दोनच धरा हं!" लांबडी ओरडली. "आम्हाला सवय आहे!"

भिंगरीनं मग हुकमाचं पान काढलं. न बघता पाठीमागे सोडलेला पास. फायनलचे निम्मे गुण याच पासावर आले होते, आणि अख्ख्या स्पर्धेत तो कुणाला अडवता आला नव्हता. लग्नाआधी नवऱ्यानं याच मैदानाच्या कोपऱ्यात तो तिला शिकवला होता. "माझा स्वतःचा शोध," तो म्हणाला होता. खरं सांगायचं तर त्या शोधावर भाळूनच ती हो म्हणाली होती.

तिनं बॉल मागे सोडला. तो सासूच्या हातात गेला. सासू पळत आली नव्हती, तिचा हात आधीच तिथे होता.

योगायोग असेल म्हणून भिंगरीनं पुन्हा सोडला. पुन्हा सासूचा हात.

"फायनलमध्येच विचारणार होते. हा पास कुठून उचललास गं?" सासूनं बॉल काखेत धरून विचारलं.

"तुमच्या लेकानं शोधून काढलाय."

सासू अशी हसली की खेळ थांबला. हसता हसता तिनं लांबडीचा खांदा धरला. "ऐकलंस का? म्हणे माझ्या पोरानं शोधला! अगं बाई, हा पट्ट्याचा पास आहे! तुमची मशिनं यायच्या आधी पाकिटं पट्ट्यावरून यायची आणि खोकं पाठीमागे असायचं. वळून बघायची सोय नव्हती, बघितलंस की पुढे ढीग झालाच. दिवसभर पाकिटं मागे देऊन देऊन हात झोपेतसुद्धा मागे जायचा. तोच आम्ही मैदानात आणला. आणि हा दिवटा पाच वर्षांचा होता तेव्हा अंगणात मीच त्याला शिकवला!"

सगळ्या माना नवऱ्याकडे वळल्या. त्याला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली होती.

"काय हो शास्त्रज्ञ!" कँटीनवाला ओरडला. "बिस्किटाचा शोधही तुमचाच का?"

खेळ पुन्हा सुरू झाला आणि मग शिट्टी मारायलाही कुणाला फुरसत उरली नाही. दहा-दहा. जी आता टाकील तिची भिंत.

बॉल भिंगरीकडे होता. समोर सासू, केस कपाळाला चिकटलेले, श्वास भात्यासारखा. आत्ता हरणं किती सोपं होतं! नुसता मागे सोडायचा, हात तिथे तयारच असणार. भिंगरीनं सासूच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत विनवणी नव्हती. ये, म्हणत होते ते. हिंमत असेल तर ये.

भिंगरी गर्रकन फिरली. हात पाठीमागे गेला. सासूचा हात जागेवर झेपावला. पण बॉल सुटलाच नाही. तो भिंगरीच्याच हातात राहिला, ती दुसऱ्या बाजूनं निसटली आणि तिनं तो जाळीत अलगद ठेवला.

सासू रिकाम्या हवेत हात पुढे करून उभी होती. तिनं त्या हाताकडे पाहिलं.

"हे आम्हाला कधी सुचलंच नाही," ती सावकाश म्हणाली. "पट्ट्यावर पाकीट हातात ठेवता यायचं नाही. पट्टा थांबायचाच नाही ना." आणि मग बास्केट आपणच केल्यासारखा तिचा चेहरा उजळला. "वा गं भवाने!" म्हणत तिनं सुनेच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पार गोदामापर्यंत ऐकू गेला.

चिटणीस फाइल घेऊन पुढे आले. "तर मग ठरलं. नवा संघ."

"भिंत आमची ना?" भिंगरी धापा टाकत म्हणाली. "मग चित्र कसलं ते आम्ही सांगणार. आई पास देताहेत आणि मी घेतेय. त्यांच्या मागे त्यांचा संघ, माझ्या मागे माझा. सगळ्यांची डोकी दिसली पाहिजेत."

"भीक नको म्हणाले होते मी," सासूचा आवाज चढला.

"भीक कसली आई? चोरीचा माल आहे, मालकाला परत करतेय. चोर तो बघा तिकडे, अजून नाडीच बांधतोय."

सासूनं लेकाकडे पाहिलं आणि मान डोलावली. सासू-सुनेचं दुसऱ्या मुद्द्यावर एकमत, ही घटना त्या घराच्या इतिहासात पहिलीच.

"पण मग साहेब मंडळी?" चिटणीस कळवळले. "त्यांच्या खुर्च्या कुठे काढायच्या?"

"भिंत उभी असते हो," लांबडी चष्म्याची दोरी सोडत म्हणाली. "बसलेली माणसं घसरतात तिच्यावरून."

आता ते चित्र भिंतीवर आहे. दहा जणी, दहा तोंडं, आणि मध्ये हवेत बॉल. त्यातला भारी संघ कोणता यावर कँटीनमध्ये अजून कीस पडतो, पडू दे. सासूची तक्रार वेगळीच आहे. पेंटरनं आपलं नाक फार मोठं काढलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. नुसतं सांगून भागत नाही. पाहुणा असो, शेजारीण असो, गुडघे कितीही कुरकुरत असोत, ती हाताला धरून त्याला भिंतीपर्यंत नेते, चेहऱ्यासमोर उभं करते आणि म्हणते, "बघा, बघा! असं असतं का माझं नाक?"