जागा ठेवलेला जाहक

जाहक मेला. पण ते जाऊ द्या, कागदोपत्री तसं काही घडलेलंच नाही. पिंजरा सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे.

तर त्या थंडीत प्राणिसंग्रहालयातल्या त्या पिंजऱ्यासमोर तिकीट काढून आलेला एक बाप जाहक सांभाळणाऱ्या मावशींवर डाफरत होता.

"पाटीवर लिहिलंय विंचू खातो. मग खाऊन दाखवू दे की."

"झोपलाय तो."

"भर दुपारी?"

"वाळवंटातला आहे, रात्री हिंडतो. आणि थंडीत तर आठवडेच्या आठवडे झोपतो. तेही लिहिलंय पाटीवर."

"एवढं खालचं कोण वाचतं?"

प्राणिसंग्रहालयात मावशींना साहेबसुद्धा मावशीच म्हणत. मुठीत मावेल एवढ्या, साळिंदरासारख्या काटेरी जाहकाची देखभाल त्यांच्याकडे होती. थंडीत त्याचं अंग गार पडे. मग त्या पोटाखाली बोट ठेवून बोटाला संथ श्वास जाणवेपर्यंत थांबत. उन्हाळ्यात एकदा त्यानं त्यांचं नव्या साबणाचा वास लागलेलं बोट चाटलं, नवा वास मिळाला की जाहक करतात तसा तोंडाला फेस आणला आणि तो स्वतःच्याच काट्यांना फासला. "अख्ख्या खानदानात माझ्या साबणाची एवढी कदर कुणी केली नाही," असं त्या घरी ऐकवत.

बापाची तक्रार साहेबांपर्यंत गेली. साहेबांनी पिंजऱ्यात तापणारा दिवा लावायला सांगितला.

"साहेब, उबेनं जागा होईल तो."

"त्यासाठीच लावतोय."

"साठवलेली चरबी जळून जाईल. तुम्हीच लिहिलंय पाटीवर."

"म्हणजे मला माहीत आहे. मावशी, माकडं दिवसभर राबतात, मोर राबतो. ह्यालाच काय सोनं लागलंय?"

दिवा लागला. जाहक उठला, गर्दी बघून त्यानं अंगाचा गोळा केला. लोक खूश होऊन काच वाजवू लागले. मावशींनी पुढ्यात अळ्या ठेवल्या, तो हुंगेना. त्या दिवा मालवत, साहेब शिपायाकडून पुन्हा लावून घेत. गोळा रोज थोडा लहान होत गेला.

एका सकाळी मावशींनी पोटाखाली बोट ठेवलं. दिव्यानं अंग छान उबदार होतं. बोटाला श्वास जाणवला नाही. त्या बराच वेळ थांबल्या.

साहेब वाकून बघून म्हणाले, "झोपला असेल. पाटीवरच लिहिलंय ना?"

मावशींनी कार्यालयात जाऊन उभ्याउभ्याच अर्ज लिहिला:

'सदर जाहकाची यंदाच्या थंडीतील उर्वरित झोप त्यास मरणोत्तर मंजूर करण्यात यावी, व तेवढा काळ कोणीही काच वाजवू नये, ही नम्र विनंती.'