गादीखालच्या गोळ्या

रुपा त्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. त्या सकाळी तिनं औषधांचं कपाट उपसायला घेतलं. कुणाच्या गोळ्या डॉक्टरांनी बदललेल्या, कुणी लेकाकडे परत गेलेलं, कित्येक पाकिटांची तारीख उलटून गेलेली. टेबलावर हा ढीग!

व्यवस्थापक भय्याजी दारातून डोकावले. "कायले एवढा विचार करून राहिली? मागच्या बोडीत टाकून दे. पाण्यात विरघळून जाते."

खिडकीशी जाळं विणत बसलेल्या आश्रमातल्या म्हाताऱ्या फकिरानं मान वर केली. उभा जन्म त्यानं तळ्यांत मासे धरले होते. "काहून भय्याजी, बोडीतल्या मासोळ्यायले बीपी झाला का?"

भय्याजी हसतच मागे फिरले. फकिराही उठायला गेला, पण डगमगला आणि मटकन खाली बसला. रुपा धावली. बीपी मोजला, तर फारच कमी.

"बाबाजी, कोणती गोळी घेतली?"

"चक्कर येऊन राहिली होती, त सत्यभामाबाईनं देल्ली. पांढरी."

तिनं त्याला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले आणि डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच आले, तपासून गेले. दुपारी फकिरा चहासाठी कुरकुरू लागला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

सत्यभामाबाई कोंढा गावच्या. भरल्या घरात सगळ्यांना वाढून मग जेवायची सवय. रुपानं त्यांचा पानाचा डबा उघडला, तर आत गोळ्याच गोळ्या होत्या, बंद झालेल्यासुद्धा.

"फेकाच्या कायले वं बाई? कोणाच्या कामी येतीन."

"आजी, तुमची बंद झालेली बीपीची गोळी बाबाजीले देल्ली तुम्ही. पडता पडता वाचले ते."

सत्यभामाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मी त त्याच्या भल्यासाठीच..." त्यांनी डबा रुपाच्या ओंजळीत रिकामा केला, पदर खोचला आणि थेट शेजारच्या खाटेपाशी गेल्या.

"काढ रुखमा, गादीखालचं काढ! मले समदं माहीत आहे."

रुखमाबाईंच्या गादीखालून पाकिटं निघाली. दारात उभ्या दादाजींनी तर गुमान टोपीच उलटी केली, तिच्यातूनही गोळ्या पडल्या.

या गोळ्या त्यांच्या कचऱ्यासोबत पाठवायचं रुपानं भंडाऱ्याच्या एका दवाखान्याशी बोलून ठेवलं होतं. गोळ्यांची पिवळी पिशवी घट्ट बांधली, आणि दवाखान्याचा कचरा नेणारी गाडी आली तेव्हा भय्याजींनी ती स्वतः उचलून दिली.

"कोठं नेऊन राहिला रे हे?" सत्यभामाबाईंनी गाडीवाल्याला अडवलं.

"मोठ्या भट्टीत जाळतेत, आजी."

"नाही त रस्त्यात टाकशील कोठं!"

"नाही टाकत वं माय," तो हसला.

पुढच्या महिन्यात रुपा पिशवी घेऊन निघाली, तर सत्यभामाबाई तिच्या आधीच गोळ्या गोळा करत खाटोखाट फिरत होत्या. रुपानं फक्त पिशवीचं तोंड उघडं धरायचं होतं.